टवका उडण्याआधीच्या रात्री

चकली चावताना दात तुटला, फुटाण्याने टवका उडाला, भाकरीत खडा आला. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर बरीच माणसं अशीच सुरुवात करतात. कधी कधी ते खरंही असतं. पण न किडलेली, न झिजलेली दाढ सहसा चकलीला दाद देत नाही. त्या दाढेवर कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षं, रात्री झोपेत किंवा दिवसा कामाच्या तंद्रीत दाब पडत आलेला असतो. तिच्यात बारीक तडे गेलेले असतात आणि चकली हे केवळ शेवटचं निमित्त होतं. म्हणून तुटलेल्या दाताकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. या दाताचं आता काय करायचं, हा एक. हा माणूस दात का खातो आणि त्याबद्दल काय करता येईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्याकडे चटकन मिळतं, पुष्कळदा गरजेपेक्षा मोठं मिळतं. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही, आणि मग वर्ष-दोन वर्षांत शेजारचा दात तुटतो.

आधी दाताविषयी. इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. दाढेच्या टोकांवर त्याचा थर साधारण अडीच मिलिमीटर जाड असतो. त्यात एकही जिवंत पेशी नसते, त्यामुळे हाड मोडलं तर सांधतं तसं इनॅमल सांधत नाही. गेलं ते गेलं. त्याच्या खाली डेंटिन असतं, पिवळसर, थोडं मऊ, आणि सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा हजारो नळ्या असतात, आतल्या बाजूला तर त्यांची गर्दी आणखी दाट. प्रत्येक नळीत द्रव असतो आणि तिचं आतलं तोंड दाताच्या नसेपाशी उघडतं.

टवका उडाला की या नळ्यांची बाहेरची तोंडं उघडी पडतात. गार पाणी, वारा, गोड, आंबट, ब्रशचा स्पर्श, यातल्या कशानेही नळीतला द्रव हलतो आणि त्या हालचालीने आतले मज्जातंतू चेतवले जातात. हे स्पष्टीकरण स्वीडनच्या मार्टिन ब्रानस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी पक्कं केलं. तशी अटकळ स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गीझी यांनी १९०० सालीच मांडली होती. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींनी एकाच जातीची सणक का बसते, हे त्यातून कळतं. आणि उपायाच्या दोन दिशाही त्यातूनच निघतात: नळ्यांची तोंडं बुजवायची, किंवा आतल्या मज्जातंतूंना शांत करायचं. संवेदनशील दातांसाठीच्या सगळ्या पेस्ट या दोहोंपैकी एक काम करतात. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मज्जातंतूंना शांत करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन, स्ट्रॉन्शियमचे क्षार तोंडं बुजवतात. दोन्हींना दोन ते चार आठवडे नेमाने वापर लागतो. पेस्ट लावल्यावर तोंड खळखळून धुतलं तर औषध वाहून जातं, नुसतं थुंकावं.

आता जोराविषयी. जेवण आणि गिळणं मिळून चोवीस तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना प्रत्यक्ष टेकण्याचा एकूण वेळ साधारण १५ ते २० मिनिटं असतो. बाकी वेळ जबडा सैल आणि दात सुटे असावेत, अशीच ही रचना आहे. दात खाणारा माणूस हा हिशेब मोडतो. जोरही नेहमीच्या चावण्यापेक्षा पुष्कळ वाढतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात १९८६ साली मोजलेला एका माणसाचा चाव्याचा जोर ९७५ पौंड, म्हणजे ४४२ किलो होता, जवळपास दोन सेकंद टिकलेला. त्याच अभ्यासात दात आवळणाऱ्या काही लोकांचा जोर इतरांच्या कितीतरी पट भरला. शिवाय चावताना जोर बहुतांशी सरळ खाली जातो, तर दात घासताना तो आडवा पडतो, आणि आडव्या जोरापुढे दाढेचे उंचवटे दुबळे ठरतात. जुनं मोठं फिलिंग असलेली दाढ तर अधिकच, कारण तिच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात.

हा जोर येतो कुठून, या प्रश्नाचा इतिहास मला या विषयातला सर्वांत बोधक भाग वाटतो, कारण त्यातल्या एका चुकीची किंमत रुग्ण अजून मोजत आहेत. व्हिएन्नाचे मोरित्झ कारोली विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दात आवळण्याचा आणि हिरड्या खराब होण्याचा संबंध जोडत होते. १९०७ साली फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘ब्रक्सोमानी’ म्हटलं गेलं, १९३१ साली ‘ब्रक्सिझम’ हे नाव आलं, तेच आज प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. मग १९६१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे सिगर्ड रॅमफ्योर्ड यांनी स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन मांडलं की वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत, कुठेतरी अडथळा येतो, म्हणून माणूस तो अडथळा घासून काढायला बघतो. कल्पना पटण्यासारखी होती. तिच्यावर विसंबून जगभर दंतवैद्यांनी दातांचे उंचवटे घासून चावा ‘जुळवून’ द्यायला सुरुवात केली.

ही कल्पना टिकली नाही. १९८४ साली रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी स्वयंसेवकांच्या दातांवर मुद्दाम अडथळा येईल अशा कॅप बसवल्या आणि झोपेतली स्नायूंची हालचाल मोजली. रॅमफ्योर्ड बरोबर असते तर दात खाणं वाढायला हवं होतं. बहुतेकांमध्ये पहिल्या काही रात्री ते कमीच झालं. पुढे मॉन्ट्रियलचे जिल लाविन्य, त्यांच्याबरोबर काम केलेले जपानचे ताकाफुमी कातो आणि इतरांनी झोपेच्या प्रयोगशाळेत क्रम लावून दाखवला. गाढ नव्हे तर हलक्या झोपेत माणूस क्षणभर जागेपणाच्या उंबरठ्यावर येतो. दात घासले जाण्याच्या काही मिनिटं आधी हृदयावरची स्वायत्त मज्जासंस्थेची पकड बदलते, सुमारे चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी वेगवान होतात, मग हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याखालचे स्नायू हलतात, आणि सर्वांत शेवटी चावण्याचे स्नायू लयीत आवळू लागतात, सेकंदाला साधारण एकदा. दात या साखळीच्या शेपटाला आहेत. शेपूट तासून डोक्यातलं काही बदलत नाही.

त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. जबड्याची ही लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या साधारण ६० टक्के निरोगी माणसांतही झोपेत होते. फक्त ती कमी वेळा होते आणि दात एकमेकांवर घासले जात नाहीत. म्हणूनच २०१३ आणि २०१८ साली या विषयातल्या जगभरच्या अभ्यासकांनी फ्रँक लोबेझू यांच्या पुढाकाराने जी एकमताची मांडणी केली, तिच्यात एरवी निरोगी असलेल्या माणसाचं दात खाणं हा आजार मानलेला नाही. ती चावण्याच्या स्नायूंची एक हालचाल आहे, काही जणांना अपाय करणारी, काहींना मुळीच नाही. दुसरं, झोपेतलं दात खाणं आणि जागेपणी दात आवळणं हे दोन निराळे प्रकार आहेत, हे तिने स्पष्ट केलं. झोपेतला प्रकार मोठ्या माणसांपैकी साधारण ८ ते १३ टक्क्यांत आढळतो, वय वाढतं तसा कमी होत जातो. जागेपणीचा त्याहून बराच जास्त, सर्वेक्षणांनुसार २२ ते ३१ टक्के. आणि तोच आपल्या ध्यानात येत नाही, कारण त्याला आवाज नसतो.

रात्रीचा प्रकार बहुधा जोडीदाराच्या कानावर पडतो. एकटं राहणाऱ्याला तो महिनोन्‌महिने कळत नाही. सकाळी उठताना कानशिलं जड, गालाचे स्नायू दुखरे, जांभई देताना जबडा अडखळलेला, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत एक पांढरी रेघ, या खुणा मग कामाला येतात. झिजलेले सपाट दात ही मात्र फसवी खूण आहे. झीज झाली एवढंच ते दात सांगतात. ती दहा वर्षांपूर्वीची की या महिन्याची, हे सांगत नाहीत. झीज पाहून लगेच ‘तुम्ही दात खाता’ असं ठरवून टाकणाऱ्या डॉक्टरला दोन प्रश्न जास्त विचारायला हरकत नाही.

कारणांची यादी लांब आहे, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. ताण आणि चिंता यांचा जागेपणीच्या दात आवळण्याशी चांगला संबंध दिसतो, झोपेतल्याशी तितका सरळ नाही. करोनाच्या काळात हे ठळक झालं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२१च्या सुरुवातीला दंतवैद्यांना विचारलं तेव्हा ७१ टक्क्यांनी दात घासणं-आवळणं वाढल्याचं सांगितलं, आणि ६३ टक्क्यांनी टवके उडालेले दात वाढल्याचं. ही डॉक्टरांनी नोंदवलेली निरीक्षणं आहेत, मोजमाप नव्हे, तरी सगळीकडून एकच सूर यावा हे लक्षणीय आहे. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये झोपेत दात खाण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतं. संध्याकाळची दारू आणि कॉफीचा अतिरेक हेही त्याच बाजूला. नैराश्यावरच्या काही गोळ्या, म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, यांनी काही रुग्णांत दात आवळणं सुरू होतं किंवा वाढतं, हे १९९०च्या दशकापासून नोंदलं गेलं आहे. इथे आवर्जून सांगायला हवं की अशी गोळी स्वतःहून बंद करू नये. मनोविकारतज्ज्ञाला सांगावं, मात्रा, वेळ, औषध बदलता येतं, त्रास कमी करणारं दुसरं औषधही जोडता येतं. मनाच्या आजाराची गोळी चालू आहे हे दंतवैद्याला सांगायचा संकोच आपल्याकडे फार आहे, आणि त्यात नुकसान आपलंच होतं.

आम्लपित्त हे आणखी एक कारण, आणि महाराष्ट्रात त्याकडे ‘थोडं पित्त झालंय’ म्हणून दुर्लक्ष होतं. रात्री पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर आलं की झोप चाळवते आणि जबड्याचे स्नायू जास्त आवळतात. शिवाय तेच आम्ल तोंडापर्यंत पोचलं तर इनॅमल मऊ करतं. साडेपाचच्या खाली पीएच गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं, आणि मऊ झालेल्या इनॅमलवर दात घासले गेले की झीज कितीतरी वेगाने होते. लिंबू सरबत, पन्हं, चिंचेचा कोळ, कोला यांचंही तसंच. वर्ज्य करायची गरज नाही, पण दिवसभर घुटके घेत राहणं आणि दात आंबल्यावर लगेच ब्रश करणं टाळावं. अर्धा तास जाऊ द्यावा, आधी पाण्याने चूळ भरावी.

खास आपल्याकडची भर म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अजूनही असंख्य बायका दिवसातून अनेकदा दातांना लावतात. ती दात घासून काढते, हिरडी खाली ढकलते, मुळाचा भाग उघडा पाडते, आणि तिच्यातलं निकोटिन झोपेवरही परिणाम करतं. मिश्रीने दाताची सणक थांबते म्हणून ती सुरू झाली, असं कितीतरी जणी सांगतात. निकोटिनमुळे क्षणिक बधिरपणा येतो, पण ज्या सणकेसाठी लावायची तीच ती वाढवत नेते. खरखरीत लाल दंतमंजन आणि सुपारी यांचीही झीज याच झिजेत मिसळते. अशा तोंडात नेमकं किती दात खाण्याने गेलं आणि किती घासण्याने, हे वेगळं काढणं अनुभवी डॉक्टरलाही जड जातं.

मुलांबद्दल थोडक्यात. लहान मूल झोपेत करकर दात खायला लागलं की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, पोटात जंत झालेत. या संबंधाला अभ्यासांतून ठोस आधार मिळालेला नाही. काहींत तो दिसतो, काहींत नाही. जंतांचं औषध सरकारी कार्यक्रमातून मुलांना मिळतच असतं, ते द्यावं, पण दात खाणं थांबेल या आशेने नको. दुधाचे दात असताना हा प्रकार फार सर्रास आढळतो आणि बहुतेक मुलांत आपोआप निवळतो. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागची गाठ दाखवावी. नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरण, वाढत्या जबड्याला सहसा देत नाहीत.

आता उडालेल्या टवक्याकडे. पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी साध्या आहेत. कोमट पाण्याने चूळ भरावी. तुकडा सापडला, विशेषतः पुढच्या दाताचा, तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून सोबत न्यावा. कधी तो जसाच्या तसा चिकटवता येतो. धारदार कड जिभेला कापत असेल तर औषधांच्या दुकानात ब्रेसेससाठी मिळणारं मेण तात्पुरतं लावता येतं. गार, गरम, आंबट टाळावं, त्या बाजूने चावू नये. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी. गोळी हिरडीवर ठेवून दुखणं थांबत नाही, ॲस्पिरिन तशी ठेवली तर हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा बोळा आपल्या घरातला पहिला उपाय. त्यातलं युजेनॉल खरोखर बधिरपणा आणतं, पण शुद्ध तेल नाजूक त्वचेला भाजतं, आणि युजेनॉलमुळे रेझिनचं फिलिंग नीट घट्ट होत नाही. लावलं असेल तर दवाखान्यात तसं सांगावं.

उशीर कधी करू नये, हे दुखण्याच्या तऱ्हेवरून कळतं. गार पाण्याने सणक बसली आणि पाणी गिळताच गेली, तर नस बहुधा शाबूत आहे. दात झाकला की ती सावरते. गार काढून घेतल्यावरही कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळते, गरम चहाने वाढते, काही न खातापिता ठणका लागतो, रात्री आडवं झाल्यावर जागं करतो, तर नस सुजून न परतण्याच्या टप्प्यावर गेलेली असू शकते. तुटलेल्या जागी मध्यभागी गुलाबी-लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे. गालावर सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

आणि एक दुखणं असं आहे जे वर्षानुवर्षं निदानावाचून राहतं. चावताना दुखत नाही, चावून दात सोडताना विजेसारखी कळ येते, तीही कधी येते कधी नाही. १९६४ साली कॅमेरन यांनी या प्रकाराला ‘तडा गेलेल्या दाताचा लक्षणसमूह’ असं नाव दिलं. दाब सोडताना तड्याच्या दोन बाजू परत जुळतात, आतला द्रव झटक्याने हलतो. एक्स-रेमध्ये हा तडा बहुधा दिसत नाही, कारण तो फिल्मला समांतर धावतो. रुग्ण म्हणतो दुखतंय, डॉक्टर म्हणतात फोटोत काही नाही, आणि मधल्यामध्ये रुग्णावरच संशय येतो. अशा वेळी एकेक उंचवट्यावर लहान प्लास्टिकची पाचर ठेवून चावून बघणं, दातातून आडवा प्रकाश पाठवून बघणं, भिंग, निळा रंग, हिरडीच्या कडेने खोली मोजणं, या तपासण्या मागितल्या पाहिजेत. त्यांना महागडं यंत्र लागत नाही, वेळ लागतो. मुंबईचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे तो वेळ मिळतो, अगदी थोड्या खर्चात. रांग असते, हे खरं. पण न दिसणाऱ्या तड्यासाठी मी तरी आधी तिथेच जायला सांगेन.

दुरुस्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जितकं कमी घासून भागेल तितकं बरं, आणि जे परत फिरवता येतं ते आधी. टवका फक्त इनॅमलचा असेल तर कड गुळगुळीत करून फ्लोराइडचा लेप पुरतो. डेंटिन उघडं पडलं असेल तर रेझिनचं, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग. हे शक्य झालं ते मायकेल ब्युओनोकोर यांच्यामुळे. १९५५ साली त्यांनी दाखवलं की फॉस्फरिक आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग किंचित खडबडीत केला की रेझिन त्याला घट्ट धरतं. पुढे १९६२मध्ये राफेल बोवेन यांचं नवं रेझिन आलं. त्याआधी फिलिंग टिकण्यासाठी चांगला दात कोरून खाच करावी लागे. दात खाणाऱ्याच्या तोंडात असं फिलिंग पुन्हा तुटू शकतं, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. पण तुटतं ते फिलिंग, दात वाचतो, आणि तासाभरात पुन्हा भरता येतं.

मोठा तुकडा गेला, उंचवटाच कोसळला, तर दाढेचा वरचा भाग झाकणारं ऑनले, त्याहून जास्त असेल तर पूर्ण कॅप. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवर दिसणाऱ्या भागातला ६० टक्क्यांहून अधिक भाग घासून काढावा लागतो, असं २००२ सालच्या एका मोजणीत दिसलं. तडा खोल असेल तर हा त्याग योग्यच असतो. कॅप दाढेला चहूबाजूंनी बांधून ठेवते. इवल्याशा टवक्यासाठी तो अन्यायच म्हणायला हवा. तड्याच्या दाढेवर कायमची कॅप लगेच बसवण्यापेक्षा काही आठवडे तात्पुरती ठेवून कळ थांबते का हे बघणारे डॉक्टर मला अधिक भरवशाचे वाटतात. थांबली तर नस वाचली, रूट कॅनॉल टळलं. पदार्थ निवडताना दिसण्याबरोबर जोराचा विचार हवा. झिर्कोनिया फार मजबूत, साध्या चिनीमातीच्या थराचा टवका उडतो, आणि मागच्या दाढेला धातूची कॅप आजही उत्तम काम देते. फक्त ती कोणाला नको असते. तडा मुळापर्यंत उतरून दात दोन भागांत हलत असेल तर तो काढण्याशिवाय मार्ग नाही.

यातल्या कोणत्याही उपायाने दात खाणं थांबत नाही. त्यासाठी म्हणून दिला जातो नाइट गार्ड, आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची याबद्दल फार गोंधळ आहे. गार्ड हेल्मेटसारखा आहे: अपघात टाळत नाही, डोकं वाचवतो. स्नायूंची हालचाल त्याने पहिले काही आठवडे कमी होते, मग बहुतेकांत पूर्वपदावर येते. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ सालच्या आढाव्याने सांगितलं की झोपेतल्या दात खाण्यावर उपचार म्हणून गार्डला पुरेसा पुरावा नाही, मात्र दातांची झीज रोखायला त्याचा फायदा होऊ शकतो. एवढं पुरेसं आहे, कारण आता झिजायचं ते प्लास्टिक झिजतं. गार्ड मात्र मापाचा, कडक ॲक्रिलिकचा, पूर्ण जबडा झाकणारा हवा. मऊ, रबरासारख्या गार्डने काही जणांचं आवळणं वाढतं, हे ओकेसन यांनी १९८७ सालच्या लहानशा अभ्यासात दाखवलं: कडक गार्डने दहापैकी आठ जणांत स्नायूंची हालचाल कमी झाली, मऊ गार्डने पाच जणांत वाढली. गरम पाण्यात मऊ करून चावायचे ऑनलाइन गार्ड काही दिवसांची सोय म्हणून ठीक. फक्त पुढचे दात झाकणारा गार्ड वर्षानुवर्षं वापरला तर मागचे दात वर सरकून चावाच बदलतो.

जबड्याच्या स्नायूत बोटॉक्स देण्याची टूम मोठ्या शहरांत पसरली आहे. त्याने जोर कमी होतो, आवळण्याच्या वेळा फारशा कमी होत नाहीत, आणि तीन-चार महिन्यांत असर उतरतो. असह्य स्नायुदुखीत तो उपयोगी पडतो. तुटलेल्या एका दातासाठी नको. आणि चावा ‘जुळवण्यासाठी’ निरोगी दात घासून घेणं तर नकोच नको. १९८४ नंतरही हे चालू आहे याचं मला खरोखर वाईट वाटतं. नवं फिलिंग उंच लागत असेल तर ते कमी करणं वेगळं. दात खाणं बरं करतो म्हणून इनॅमल काढणं वेगळं.

जागेपणीच्या आवळण्यावर मात्र रुग्णाच्या हातात पुष्कळ आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ ‘न’ म्हणताना जिथे टेकते तिथे टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. ती दिवसातून अनेकदा आठवावी लागते: फोनवर दर तासाला एक सूचना, संगणकाच्या कडेला, आरशावर, स्कूटरच्या हँडलवर एक रंगीत ठिपका. दिसला की जबडा तपासायचा, आवळलेला असेल तर खांदे खाली सोडून लांब श्वास टाकायचा. किती वेळा दात आवळलेले सापडतात, हे पहिल्या आठवड्यात बघून माणसं चकित होतात. ट्रॅफिकमध्ये, हिशेब करताना, स्वयंपाकात कांदा बारीक चिरताना, मुलाचा अभ्यास घेताना. दिवसाचं आवळणं कमी झालं की गालांचा ठणका उतरतो आणि नव्या फिलिंगलाही दम मिळतो.

रात्रीच्या दात खाण्यात एक गट वेगळा काढायला हवा. जो जोरात घोरतो, ज्याचा श्वास झोपेत थांबल्यासारखा घरच्यांना वाटतो, जो सकाळी डोकं धरून उठतो आणि दुपारी बसल्याजागी पेंगतो, त्याच्या दात खाण्यामागे झोपेतला श्वासरोध असू शकतो. तो रक्तदाब आणि हृदयाशी जोडलेला आजार आहे. २००४ साली कॅनडात दहा श्वासरोधाच्या रुग्णांना वरच्या दातांचा गार्ड घालून झोपवलं तेव्हा त्यांतल्या पाच जणांचे श्वास अडण्याचे प्रसंग वाढले. अभ्यास छोटा आहे, पण त्याने सुचवलेली काळजी घेण्यासारखी आहे: अशा माणसाला गार्डचं माप घेण्याआधी झोपेची तपासणी करायला पाठवावं, आणि श्वासरोध निघाला तर खालचा जबडा किंचित पुढे धरणारं उपकरण किंवा हवेच्या दाबाचं यंत्र यांचा निर्णय छातीच्या आणि झोपेच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. तुटलेली दाढ दाखवायला गेल्यावर घोरण्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी ते आपण होऊन सांगावं.